सॅन फ्रान्सिस्कोचा धक्का: अमेरिकेची संघीय न्यायालये आणि परक्या माणसाचे हक्क

परदेशातून आलेल्याला दारात अडवण्याचा किंवा आत राहणाऱ्याला बाहेर घालवण्याचा अधिकार कोणाचा, हे अमेरिकेच्या १७८७ च्या राज्यघटनेत कुठेही थेट लिहिलेले नाही. परक्यांना नागरिक करून घेण्याचे नियम देशभर एकसारखे असावेत आणि ते काँग्रेसने करावेत, एवढेच पहिल्या अनुच्छेदात आहे. त्या आधारे १७९० मध्ये पहिला कायदा झाला आणि त्याने नागरिकत्वाची वाट 'स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीं'पुरती ठेवली. प्रवेशाला मात्र तशी अट नव्हती. जवळजवळ शंभर वर्षे जहाजातून उतरणाऱ्यांचा बंदोबस्त ज्या त्या राज्याकडे होता. न्यूयॉर्क आणि मॅसॅच्युसेट्ससारखी राज्ये जहाजमालकांकडून माणशी कर घेत, आजारी आणि निर्धन प्रवाशांसाठी हमी मागत. वॉशिंग्टनमधल्या सरकारचा या कामाशी फारसा संबंध नव्हता. तो आला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत, आणि आज अमेरिकी न्यायालयांत स्थलांतराविषयी जे वाद चालू आहेत, त्यांतले बहुतेक मुद्दे त्याच पंचवीस वर्षांत, बव्हंशी एकाच बंदरात, प्रथम उभे राहिले. ते बंदर सॅन फ्रान्सिस्को. ते मुद्दे ज्यांनी न्यायालयात नेले ते होते चिनी मजूर, धोबी आणि आचारी.

त्यांच्या हातात जे शस्त्र होते ते मुळात त्यांच्यासाठी घडवलेले नव्हते. १८५७ च्या ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, मग तो गुलाम असो वा स्वतंत्र. यादवी युद्धानंतर हा निकाल पुसून टाकण्यासाठी १८६८ मध्ये चौदावी घटनादुरुस्ती झाली. अमेरिकेत जन्मलेल्या आणि तिच्या अधिकारक्षेत्राच्या अधीन असलेल्या सर्व व्यक्ती नागरिक आहेत, असे तिचे पहिले वाक्य सांगते. पुढे शब्द बदलतो. कोणतेही राज्य कोणत्याही 'व्यक्ती'चे जीवित, स्वातंत्र्य वा मालमत्ता रीतसर प्रक्रियेशिवाय हिरावून घेणार नाही आणि कोणाही 'व्यक्ती'ला कायद्याचे समान संरक्षण नाकारणार नाही, असे ती म्हणते. येथे 'नागरिक' हा शब्द नाही. भारतीय वाचकाला हा भेद परिचयाचा आहे. भारतीय संविधानातही अनुच्छेद १४ आणि २१ प्रत्येक व्यक्तीसाठी आहेत आणि अनुच्छेद १९ फक्त नागरिकांसाठी. अमेरिकेतील पुढचा सारा इतिहास 'व्यक्ती' या एका शब्दाची पोच किती, याचा इतिहास आहे.

सोन्याच्या शोधात १८४९ पासून चिनी लोक कॅलिफोर्नियात येऊ लागले. पुढे देशाची दोन टोके जोडणाऱ्या रेल्वेचा पश्चिमेकडचा भाग मुख्यतः त्यांनी बांधला. सिएरा नेवाडाचे बोगदे त्यांच्या हातांनी खणले गेले. १८८० च्या जनगणनेत त्यांची संख्या सुमारे १,०५,००० होती, म्हणजे देशाच्या लोकसंख्येत नगण्यच. पण मंदीच्या काळात कॅलिफोर्नियाच्या राजकारणात त्यांच्याविरुद्धच्या द्वेषाला मते मिळत होती. राज्याने आणि शहराने त्यांच्यावर एकामागून एक नियम लादले. १८७४ मध्ये एका जहाजातून आलेल्या वीसेक चिनी स्त्रियांना राज्याच्या अधिकाऱ्याने नुसते पाहून 'दुर्वर्तनी' ठरवले आणि प्रत्येकीमागे जहाजाच्या कप्तानाकडे हमी मागितली. खटला वॉशिंग्टनपर्यंत गेला. १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की, परदेशी प्रवाशांचा प्रश्न परराष्ट्र संबंधांचा आहे आणि तो कोण्या एका राज्याच्या अधिकाऱ्याच्या लहरीवर सोडता येणार नाही. स्त्रिया सुटल्या; पण त्या निकालाने स्थलांतराची सत्ता राज्यांकडून संघीय सरकारकडे सरकली. ते सरकार तीच सत्ता कशी वापरील, हे तेव्हा कोणाला दिसले नव्हते.

१८८२ मध्ये ते दिसले. त्या वर्षी मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांनी चिनी मजुरांना दहा वर्षे प्रवेश बंद करणाऱ्या कायद्यावर सही केली. एका विशिष्ट देशाच्या कष्टकऱ्यांना नाव घेऊन मज्जाव करणारा हा पहिलाच अमेरिकी कायदा. व्यापारी, विद्यार्थी आणि आधीपासून राहणारे लोक त्यातून वगळले होते. मग जहाजातून उतरणारा माणूस मजूर की व्यापारी, नवा की जुना रहिवासी, हे ठरवणार कोण? कायद्याने ते काम बंदराच्या जकात अधिकाऱ्याकडे दिले. तो बहुतेकांना 'नाही' म्हणे आणि माणूस जहाजातच अडकून पडे.

येथे चिन्यांच्या वकिलांनी इंग्रजी कायद्यातला एक जुना उपाय काढला: हेबिअस कॉर्पस, म्हणजे बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्ज. ज्याच्या ताब्यात माणूस आहे त्याने त्याला न्यायाधीशासमोर उभे करावे आणि ताब्याचे कायदेशीर कारण दाखवावे, एवढीच त्याची मागणी. जहाजात अडकलेला प्रवासी कप्तानाच्या ताब्यात आहे, असा युक्तिवाद मान्य झाला. कप्तानाला नोटीस निघे, प्रवासी जामिनावर किनाऱ्यावर येई आणि यथावकाश साक्षीपुरावे होत. 'सहा कंपन्या' या नावाने ओळखला जाणारा चिनी व्यापाऱ्यांच्या मंडळांचा संघ या कामासाठी चांगले गोरे वकील नेमत असे. सॅन फ्रान्सिस्कोच्या संघीय जिल्हा न्यायालयात न्यायाधीश ऑग्डेन हॉफमन यांच्यासमोर अर्जांचा ढीग लागला. पहिल्या दहा वर्षांत त्यांची संख्या ७,००० च्या वर गेली. वृत्तपत्रे न्यायालयाला 'हेबिअस कॉर्पसची गिरणी' म्हणून हिणवीत.

हॉफमन यांचा हा भाग थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. त्यांना चिनी स्थलांतराविषयी आस्था नव्हती. मज्जाव योग्यच आहे असे त्यांचे मत होते. कामाच्या ओझ्याबद्दल ते उघड तक्रार करीत. तरीही समोर उभा असलेला प्रत्येक माणूस स्वतंत्रपणे ऐकला जाण्याचा हक्क घेऊन आला आहे, हे त्यांनी सोडले नाही. एकेका अर्जाची सुनावणी झाली आणि बहुसंख्य अर्जदार सुटले. न्यायाधीशाच्या मनातला पूर्वग्रह आणि त्याच्या हातातली प्रक्रिया यांत प्रक्रिया वरचढ ठरल्याचे इतके लांबलेले उदाहरण क्वचितच सापडते.

त्याच शहरात धोब्यांचा खटला उभा राहिला. १८८० च्या नगरनियमानुसार लाकडी इमारतीत लाँड्री चालवण्यासाठी परवानगी लागे. शहरातल्या सुमारे ३२० लाँड्र्यांपैकी तीनशेच्या वर लाकडी होत्या आणि बहुतेक चिन्यांच्या होत्या. दोनशे चिनी अर्ज नामंजूर झाले. गोऱ्यांचे अर्ज, एक सोडता, सारे मंजूर झाले. यिक वो या नावाने नोंदला गेलेला लाँड्रीवाला बावीस वर्षे त्याच जागी धंदा करीत होता. दहा डॉलर दंड न भरल्याने त्याला तुरुंगात टाकले. १८८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की, नियमाची भाषा निर्दोष असली तरी तो जर दुष्ट नजरेने आणि असमान हाताने राबवला जात असेल तर तो घटनाबाह्य ठरतो. आणि हे संरक्षण नागरिकांपुरते नाही, देशाच्या हद्दीतल्या प्रत्येक व्यक्तीला आहे. हा निकाल पुढे दूरवर पोहोचला. १९५२ मध्ये अन्वर अली सरकार खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद १४ चा अर्थ लावताना त्याची चर्चा केली.

मात्र न्यायालयाची ही उदारता किनाऱ्याच्या आत होती. सीमेवर तिचा सूर वेगळा होता आणि तो लवकरच ऐकू आला. छाए चान पिंग हा मजूर १८७५ पासून सॅन फ्रान्सिस्कोत राहत होता. १८८७ मध्ये मायदेशी जाताना त्याने परत येण्याचा सरकारी दाखला नियमाप्रमाणे सोबत घेतला. तो परतीच्या जहाजात असतानाच १ ऑक्टोबर १८८८ रोजी काँग्रेसच्या नव्या कायद्याने असे सारे दाखले रद्द झाले. आठवडाभराने त्याचे जहाज बंदरात आले तेव्हा हातातला कागद निरुपयोगी झाला होता. १८८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. परक्याला बाहेर ठेवण्याची सत्ता घटनेत लिहिलेली नसली तरी ती सार्वभौमत्वातच आहे. तिच्या वापराचा जाब न्यायालय विचारणार नाही, असे त्यात म्हटले होते. अमेरिकी कायद्यात 'संपूर्ण सत्ते'चा सिद्धान्त म्हणून जे ओळखले जाते, त्याचा उगम हा. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांनीच दहा वर्षांपूर्वी, १८७९ मध्ये, कॅलिफोर्नियात खटला चालवताना चिनी कैद्यांच्या वेण्या कापण्याचा शहराचा नियम क्रूर म्हणून रद्द केला होता.

पुढचे पाऊल अधिक कठोर होते. १८९२ च्या गीअरी कायद्याने देशात आधीच राहणाऱ्या प्रत्येक चिनी मजुराला रहिवासाचा दाखला काढणे सक्तीचे केले. दाखला नसलेल्याला आपण जुने रहिवासी आहोत हे सिद्ध करण्यासाठी किमान एक विश्वासार्ह गोरा साक्षीदार आणावा लागे. सहा कंपन्यांनी नोंदणीवर बहिष्कार पुकारला आणि हजारोंनी तो पाळला. न्यूयॉर्कमधल्या तीन मजुरांचा खटला मुद्दाम पुढे नेण्यात आला. त्यांतल्या एकाने चिनी साक्षीदार आणले होते. ते चालले नाहीत. १० मे १८९३ रोजी युक्तिवाद झाला आणि १५ मे रोजी पाच विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला. हद्दपारी ही शिक्षा नव्हे, असे न्यायमूर्ती होरेस ग्रे यांनी बहुमताच्या वतीने लिहिले. शिक्षा नसल्यामुळे ज्युरी, सरकारी खर्चाने वकील, फौजदारी खटल्यातली इतर हमी यांपैकी काहीच लागू होत नाही. फील्ड यावेळी विरोधात गेले. दारात अडवणे वेगळे आणि घरात राहणाऱ्याला उचलून बाहेर टाकणे वेगळे, असे त्यांचे म्हणणे होते. पण आपणच लावलेले झाड आता त्यांना आवरता आले नाही. त्या निकालाची छाया आजही आहे. अमेरिकेतली 'इमिग्रेशन कोर्टे' न्यायव्यवस्थेचा भाग नाहीत, ती न्यायखात्याच्या हाताखाली चालतात. तिथे सरकार वकील देण्यास बांधील नाही आणि अनेकदा लहान मुलेही वकिलाविना उभी राहतात. हद्दपारीने कुटुंबे आणि उपजीविका उद्ध्वस्त होतात, तेव्हा तिला शिक्षा न म्हणणे ही त्या न्यायालयाची मोठी चूक होती. १८९६ मध्ये वाँग विंग खटल्यात न्यायालयाने एवढी मर्यादा घातली की, हद्दपारीपूर्वी सक्तमजुरी द्यायची असेल तर ज्युरीसमोर खटला चालवावाच लागेल.

याच ग्रे यांच्या हातून पाच वर्षांनी उलट दिशेचा निकाल आला. वाँग किम आर्क १८७३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईबापांच्या पोटी जन्मला. तो आचारी होता. चीनला जाऊन ऑगस्ट १८९५ मध्ये परतला तेव्हा जकात अधिकाऱ्याने त्याला उतरू दिले नाही: आईबाप चिनी बादशहाची प्रजा, म्हणून मुलगाही परकाच. महिनोन्महिने तो बंदरातल्या जहाजांवर कैदेत राहिला. अर्ज अर्थातच हेबिअस कॉर्पसचा. जिल्हा न्यायालयात तो जिंकला, सरकारने अपील केले आणि २८ मार्च १८९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी त्याला जन्मसिद्ध नागरिक ठरवले. इंग्रजी प्रथागत कायद्यात राजाच्या भूमीवर जन्मलेला तो राजाचा प्रजाजन, हा नियम होता. चौदाव्या दुरुस्तीने तोच लिहून ठेवला, असे ग्रे यांनी दीर्घ विवेचनातून दाखवले. परदेशी राजदूतांची मुले, शत्रूने व्यापलेल्या भागात शत्रूच्या पोटी जन्मलेली मुले आणि आदिवासी टोळ्यांतील मुले हे अपवाद राहिले. त्यांपैकी आदिवासींना १९२४ च्या कायद्याने नागरिकत्व मिळाले.

निकालाने वाँगचे आयुष्य सोपे झाले नाही. १९०१ मध्ये टेक्सासमधील एल पासो येथे त्याला बेकायदा आलेला चिनी म्हणून पुन्हा पकडले. चीनमध्ये जन्मलेला त्याचा थोरला मुलगा १९१० मध्ये आला, तेव्हा अधिकाऱ्यांनी हा तुझा मुलगाच नव्हे म्हणून त्याला परत पाठवले. तोवर कायद्याची यंत्रणाही बदलली होती. प्रवेशाबाबत अधिकाऱ्याने केलेली चौकशी हीच 'रीतसर प्रक्रिया', असे १८९२ मध्ये एका जपानी स्त्रीच्या खटल्यात ठरले होते. १९०५ मध्ये जू टॉय खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले: दारात उभा असलेला माणूस आपण जन्माने अमेरिकी नागरिक आहोत असे म्हणत असला, तरी अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम. हॉफमन यांच्या काळात उघडलेला मार्ग त्या दिवशी जवळपास बंद झाला. १९१० पासून चौकशी एंजल बेटावरच्या बराकींत होऊ लागली. घराला पायऱ्या किती, गावातली विहीर कोणत्या दिशेला, असे प्रश्न विचारून नाती तपासली जात.

नागरिकत्वाच्या दुसऱ्या वाटेवर, म्हणजे परक्याने ते मागून घेण्याच्या वाटेवर, भारतीयांचे खटले आहेत. 'गोरी व्यक्ती' कोण, हे न्यायालयांना ठरवावे लागत होते. मुंबईचे पारशी कापूस व्यापारी भिकाजी बलसारा यांना न्यूयॉर्कमध्ये मिळालेले नागरिकत्व १९१० मध्ये अपिलातही टिकले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात राहिलेले पंजाबचे भगतसिंग थिंद इतके भाग्यवान नव्हते. त्यांची बाजू मांडणाऱ्यांत अहमदाबादेत जन्मलेले वकील सखाराम गणेश पंडित होते. ते स्वतः १९१४ मध्ये नागरिक झाले होते. मानववंशशास्त्रज्ञ उत्तर भारतीयांना कॉकेशियन मानतात, हा त्यांचा मुद्दा होता. न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड स्वतः इंग्लंडमध्ये जन्मलेले. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी त्यांनी एकमताचा निकाल वाचला: शास्त्र काही म्हणो, सामान्य माणसाच्या समजुतीत हिंदू गोरा नाही. त्याच न्यायालयाने तीनच महिन्यांपूर्वी एका जपान्याला कॉकेशियन नाही म्हणून नाकारले होते. दोन निकाल शेजारी ठेवले की कसोटी अर्जदाराप्रमाणे बदलली हे लपत नाही. निकालानंतर सरकारने पन्नासच्या आसपास भारतीयांचे दिलेले नागरिकत्व काढून घेण्याची मोहीम उघडली. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णोदास बगई यांचे नागरिकत्व गेले, परक्यांना जमीन नाकारणाऱ्या राज्याच्या कायद्यामुळे घर आणि दुकान गेले आणि १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पंडित यांच्यावरही खटला झाला, पण ते लढले. एकदा न्यायालयाने दिलेला निर्णय सरकारला पुन्हा उकरता येणार नाही, हा त्यांचा मुद्दा १९२६ मध्ये अपील न्यायालयाने मानला; पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप नाकारला आणि मोहीम थांबली. चिन्यांवरचा मज्जाव १९४३ मध्ये उठला. १९४६ च्या कायद्याने भारतीयांना वर्षाला शंभर जागा आणि नागरिकत्वाचा हक्क मिळाला. वंशाची अट १९५२ मध्ये पूर्णपणे गेली.

वंशाची भाषा गेली तरी 'संपूर्ण सत्ता' राहिली. इग्नाझ मेझी पंचवीस वर्षे बफेलोत राहून आजारी आईला भेटायला युरोपात गेला. परतल्यावर गुप्त माहितीच्या आधारे त्याला एलिस बेटावर अडकवून ठेवले. १९५३ मध्ये न्यायालयाने एका मताच्या बहुमताने तेही चालवून घेतले. उलट बाजूला 'व्यक्ती' हा शब्दही जिवंत राहिला. टेक्सासने कागदपत्रे नसलेल्या मुलांना सरकारी शाळा नाकारली, तेव्हा ती मुलेही राज्याच्या अधिकारक्षेत्रातील व्यक्ती आहेत, असे १९८२ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ठरले. २००१ मध्ये झडविदास खटल्यात न्यायालयाने म्हटले की, ज्याला कोणताच देश घेत नाही अशा हद्दपाराला अमर्याद काळ कोठडीत ठेवता येणार नाही. सहा महिन्यांनंतर सरकारला कारण द्यावे लागेल. २०२० मध्ये मात्र सीमा ओलांडून जेमतेम पंचवीस यार्डांवर पकडल्या गेलेल्या श्रीलंकेच्या तमिळ आश्रयार्थीला दारातलाच माणूस मानून हेबिअस कॉर्पसचा लाभ नाकारला गेला. मेझी आणि झडविदास यांच्यातले अंतर अजूनही किनाऱ्याच्या रेषेवरच मोजले जाते.

२० जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी काढलेल्या आदेशाने १८९८ चा प्रश्न पुन्हा उघडला. आई बेकायदा राहत असेल किंवा तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक वा कायमचे रहिवासी नसतील, तर अमेरिकेत जन्मलेले मूल नागरिक मानायचे नाही, असा तो आदेश. एच-१बी व्हिसावर गेलेली आणि ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षे थांबलेली भारतीय कुटुंबे, त्यांत पुणे-मुंबईची मराठी कुटुंबेही, त्याच्या कक्षेत थेट येतात. वाँगचे आईबाप कायमचे रहिवासी होते आणि ग्रे यांनी त्या रहिवासाचा उल्लेख केला आहे, यावर सरकारचा भर आहे. विरोधकांचे उत्तर असे की, निकालाचा पाया जन्मभूमीचा जुना नियम आहे. रहिवास ही त्या खटल्यातली वस्तुस्थिती होती, अट नव्हे. निकाल संपूर्ण वाचला तर दुसरे वाचन अधिक बळकट दिसते. तात्पुरता आलेला परकाही देशात असेपर्यंत तिथल्या कायद्याच्या अधीन असतो, हे ग्रे यांनी स्वच्छ लिहिले आहे.

तीनच दिवसांत सिअॅटलचे न्यायाधीश जॉन कॉफनर यांनी आदेशाला स्थगिती दिली. पण सर्वोच्च न्यायालयात आधी वाद झाला तो वेगळ्याच गोष्टीवर: एका जिल्ह्याचा न्यायाधीश साऱ्या देशासाठी मनाई हुकूम काढू शकतो का? देशात ९४ संघीय जिल्हा न्यायालये आहेत. २०१५ मध्ये टेक्सासच्या न्यायाधीशाने ओबामा यांची स्थलांतरितांना दिलासा देणारी योजना देशभर रोखली. २०१७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या आणि हवाईच्या न्यायाधीशांनी ट्रम्प यांची प्रवेशबंदी रोखली. जो पक्ष सत्तेत असे त्याला हे हुकूम सलत. २७ जून २०२५ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी ठरले की, १७८९ च्या न्यायव्यवस्था कायद्याने दिलेल्या अधिकारात असा सार्वत्रिक हुकूम बहुधा बसत नाही. वादीला पूर्ण दाद मिळेल एवढाच तो असावा. मग वकिलांनी सामूहिक दाव्याची वाट धरली. १० जुलै रोजी न्यू हॅम्पशायरच्या न्यायाधीशांनी अशा सर्व बालकांचा एक वर्ग मान्य करून आदेश पुन्हा रोखला. मूळ घटनात्मक प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये सुनावणीस घेतला.

दरम्यान १७९८ च्या 'शत्रुदेशीय परक्यां'च्या कायद्याचा आधार घेऊन व्हेनेझुएलाच्या नागरिकांना विमानांतून एल साल्वादोरच्या तुरुंगात पाठवले गेले. हा कायदा त्यापूर्वी फक्त १८१२ च्या युद्धात आणि दोन महायुद्धांत वापरला गेला होता. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अशा प्रत्येकाला आधी नोटीस आणि दाद मागण्यास पुरेसा वेळ मिळाला पाहिजे. दाद मात्र हेबिअस कॉर्पसने, आणि जिथे तो कोठडीत आहे त्याच जिल्ह्यात मागावी. त्या वर्षी जामीन न देता कोठडीत ठेवण्याचे नवे धोरण आल्यावर संघीय जिल्हा न्यायालयांत एकेकट्या माणसाच्या नावाने हजारो हेबिअस अर्ज दाखल झाले. न्यायाधीश ते हॉफमन यांच्यासारखेच एकेक करून ऐकत आहेत.